एकेरी लाइनीवरचे जुळे

उभ्या मावळात ठरल्या मिनिटाला नाटकाचा पडदा वर करणारा माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि ते माझे मावसोबा होते. हे मी छाती फुगवून सांगतो. ज्याला खोटं वाटत असेल त्याने लोणावळ्यातल्या कुठल्याही पिकल्या केसांच्या माणसाला विचारावं. तो आधी हसेल, मग डोळे पुसेल, मग तुम्हाला बसवून घेऊन सगळी हकिकत सांगेल आणि सांगताना निम्मी चुकवेल. म्हणून म्हटलं, आपणच सांगावी. त्या काळी आमच्याकडे नाटक रात्री नऊला म्हणून जाहीर व्हायचं, दहाला तबलजी यायचा, साडेदहाला पेट्रोमॅक्स बिघडायची आणि उत्सवाचे अध्यक्ष वकीलसाहेब खुर्चीत घोरायला लागले की नांदी सुरू व्हायची. मावसोबांना याचा मनस्वी तिटकारा. ते लोणावळा स्टेशनात असिस्टंट स्टेशनमास्तर होते. "रात्रीचं नाटक म्हणजे मालगाडी," ते म्हणायचे. "कधी सुटेल, कुठे साइडिंगला पडेल, कोणी सांगावं!" त्यांनी नाटक लावलं ते दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. कारण पुण्याकडची पॅसेंजर एक पन्नासला यायची, आणि स्टेशनपासून दत्ताच्या देवळापुढच्या मांडवापर्यंत म्हाताऱ्या माणसालासुद्धा वीस मिनिटं पुरतात, हे त्यांनी हातात घड्याळ धरून, एकदा काठी टेकत आणि एकदा न टेकता, स्वतः चालून मोजून ठेवलं होतं.

माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. मावशीने मला आपल्याकडे आणलं. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रेल्वेच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी एकटाच युवराज. मावसोबांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं, फक्त टाइमटेबलप्रमाणे वाढवलं एवढंच. सकाळी न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून ते "लाइन क्लिअर?" म्हणून विचारत, आणि आतून मावशी "अजून नाही!" म्हणून ओरडे. मुंबईकडून येणारे पाहुणे डाऊन आणि पुण्याकडून येणारे अप. दोन्हीकडचे एकाच दिवशी उगवले तर मावसोबा स्वयंपाकघरात डोकावून एवढंच म्हणत, "आज क्रॉसिंग आहे, कणीक वाढव." एकदा शेजारच्या लग्नात गुरुजी मंगलाष्टकं फारच लांबवत होते. शेवटी मुहूर्त टळतोसं पाहून मावसोबांनी खिशातून हिरवा झेंडा काढला आणि शिट्टी फुंकली. अंतरपाट धरणाऱ्यांनी दचकून तो सोडला आणि नवऱ्यामुलाने घाबरून गुरुजींच्याच गळ्यात माळ घातली. पुढे ते जोडपं फार सुखाने नांदलं. मावसोबा त्याचं सगळं श्रेय मुहूर्त साधल्याला देत असत.

पण या गृहस्थांचं खरं वेड म्हणजे जुळ्यांचं नाटक. तरुणपणी पुण्यात त्यांनी ते पाहिलं होतं. गोष्ट साधी आहे. एका शेटजींचे दोन जुळे मुलगे लहानपणी जत्रेत एकमेकांपासून चुकतात, मोठेपणी एक भाऊ नकळत दुसऱ्याच्या गावात येतो, आणि मग जी धांदल उडते ती शेवटच्या प्रवेशापर्यंत मिटत नाही. ह्याची बायको त्याला जेवू घालते, त्याची दाढी करून गेलेला न्हावी ह्याला पुन्हा साबण लावतो, एक भाऊ सुटका करून घ्यायला बैराग्याचं सोंग घेतो तर लोक दुसऱ्याच्याच पाया पडतात. मावसोबांनी पाहिलेल्या खेळात जुळ्यांची कामं करणारे दोघे इतके सारखे दिसत होते म्हणे की, पहिल्या रांगेत बसलेल्या एकाच्या सख्ख्या आईने दुसऱ्यालाच हाक मारली. बस्स, ती हाक मावसोबांच्या कानात बसली ती कायमची. "नाटक पास झालं हे ओळखायचं कसं? टाळ्यांवरून? छट! टाळ्या माकडाच्या खेळालाही पडतात. सख्खी आई फसली पाहिजे," हा त्यांचा सिद्धांत. असं एक नाटक आपल्या हातून उभं राहावं, त्यात एकदा तरी सख्खी आई फसावी, एवढी एकच इच्छा धरून तो माणूस वीस वर्षं जगला.

आणि वीस वर्षांत तीनदा तोंडघशी पडला. पहिल्या वेळी मिळालेल्या जुळ्यांत एक जण दुसऱ्यापेक्षा हातभर उंच निघाला. बुटक्याला उंच टाचांच्या वहाणा दिल्या, तर तो पहिल्याच प्रवेशात तुळशीवृंदावनासकट आडवा झाला. दुसऱ्या वेळी उंची जमली, पण एकाला मिशी होती आणि ती काढायला तो काही केल्या तयार होईना. "वडील हयात आहेत माझे! मिशी काढून अवलक्षण करू?" असं त्याने विचारल्यावर कोणाची काय बिशाद! मग बिनमिशीवाल्याला मिशी चिकटवली. ती तिसऱ्या अंकात चहाच्या कपात पडली आणि त्या बहाद्दराने ती माशी समजून चमच्याने बाहेर काढली. तिसऱ्या वेळी उंची जमली, मिशा जमल्या, आणि दोघे जुळे एकाच वेळी दोन बाजूंनी आत शिरून भर रंगमंचावर एकमेकांवर आदळले. ज्यांनी शेवटच्या प्रवेशापर्यंत समोरासमोर यायचं नाही, ते पहिल्याच अंकात कपाळं चोळत उभे! पडदा पाडावा लागला. त्या दिवशी मावसोबा जेवले नाहीत. मावशीने पान वाढून ठेवलं, तर म्हणाले, "आज टक्कर झाली. टक्कर झाल्यावर मास्तर जेवत नाही."

त्याच उपाशीपोटी त्यांना गोळा सुचला. रेल्वेची जिथे एकच लाइन असते, तिथे दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून एक गोळा ठेवलेला असतो. ज्या ड्रायव्हरकडे गोळा, त्याचीच गाडी पुढे जाणार. आणि पुढच्या स्टेशनात गाडी पोचली की ड्रायव्हरने तो मास्तरच्या हातात जमा करायचा. मावसोबांची सुरुवातीची नोकरी अशाच एकेरी लाइनीवर झाली होती. लोणावळ्याला दुहेरी मार्ग, तिथे गोळ्याला काम नाही, याची त्यांना मनातून खंत होती. त्यांनी तांबटाकडून लिंबाएवढा एक पितळी गोळा करून घेतला आणि नियम केला: ज्या जुळ्याच्या खिशात गोळा, त्यानेच रंगमंचावर जायचं. बाहेर आला की गोळा मावसोबांच्या हातात द्यायचा, आणि मगच ते तो दुसऱ्याला देणार. "रंगभूमी म्हणजे एकेरी लाइन," ते बजावत. "खुद्द मी हिरवा झेंडा दाखवला, प्रत्यक्ष दत्तगुरू समोर उभे राहिले, तरी गोळ्याशिवाय पाऊल टाकायचं नाही!" आता नियम झाला, गोळा झाला. राहिले फक्त जुळे.

ते कसे सापडले हे ऐकण्यासारखं आहे. मी तेव्हा नुकताच लोणावळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. एक दिवस ऐन शाळेच्या वेळी पुण्याकडची गाडी आली आणि डोक्याला मुंडासं, कमरेला आखूड धोतर आणि खांद्यावर तांदळाचं गाठोडं अशा थाटात मी फलाटावर उतरलेला मावसोबांनी पाहिला. त्यांचं डोकंच फिरलं. भर फलाटावर त्यांनी मला झापायला सुरुवात केली. शाळा सोडून ही कसली थेरं, मावशीने यासाठी वाढवलं का, मुलांनी पाहिलं तर काय इज्जत राहील! चांगली पाच मिनिटं तोंडाचा पट्टा चालू होता. समोरच्याने गाठोडं खाली ठेवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुमी म्हनता त्ये समदं खरं आसंल. पर मी वडिवळ्याचा किसन हाय."

मावसोबांनी दुसऱ्या कोणाला काही विचारलं नाही. त्यांनी किसनचा हात धरला तो थेट शाळेत, माझ्या वर्गात आणून सोडला. पोरं किंचाळली. मी आणि किसन एकमेकांकडे बघत राहिलो. तेच नाक, तीच हनुवटी, डाव्या भुवईची तीच वर चढलेली कड. तो उन्हात रापलेला आणि मी खडूने पांढरा, एवढाच काय तो फरक. तिथून मावसोबांनी त्याला घरी नेलं आणि मावशीपुढे उभा केला. मावशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "बसा हो, चहा टाकते. कोणाचे तुम्ही?" मावसोबा चिडले. "ओळखलंस कसं?" "आपला आल्याबरोबर डबे उघडतो, याने वहाणा नीट जोडून ठेवल्या," मावशी म्हणाली. "मावशी मोजत नाही," मावसोबांनी लगेच निकाल दिला, "सख्खी आई पाहिजे!" आणि किसनला विचारलं, "आई आहे ना रे?" "हाय की," किसन म्हणाला. तेव्हा मावसोबांना झालेला आनंद पाहून त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्या आईची ह्यांची जुनी ओळख असावी.

त्या पौषात मावसोबा रिटायर व्हायचे होते. क्वार्टर सोडून तळेगावला दोन खोल्या घेऊन राहायचं ठरलं होतं. म्हणजे मार्गशीर्षातली दत्तजयंती ही शेवटची गाडी. ही चुकली की संपलं. असं असताना वकीलसाहेबांनी मोडता घातला. शेटजींच्या मुलाचं काम शेतकऱ्याचा पोरगा करणार? त्याचं ते 'आमी-तुमी' ऐकून लोक हसतील! "हसायलाच बोलावलंय ना त्यांना?" मावसोबा म्हणाले. पण वकीलसाहेब हटून बसले, तेव्हा मावसोबांनी दोन दिवस रजा घेतली आणि नाटकच बदललं. जत्रेत हरवलेला भाऊ मावळातल्या एका भातकऱ्याला सापडतो, तो त्याला वाढवतो, मग तो मावळी बोलणार नाही तर काय पुणेरी बोलणार? वाचून वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "पण तुम्हाला दुसरं कोणी…" असं ते म्हणू लागले. "ह्या चेहऱ्याचा दुसरा माणूस आणून द्या, आत्ता बदलतो," मावसोबा म्हणाले. सबंध लोणावळ्यात वकीलसाहेबांना असं उत्तर देणारे माझे मावसोबा एकटे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आता तालमी. हे दिवस भातकापणीचे. किसनला लोणावळ्याला यायला फुरसत कुठली? तेव्हा मावसोबा ड्यूटी संपवून कामशेतला उतरायचे आणि तिथून पायी वडिवळ्याला जायचे. किसन खळ्यावर भात झोडतो आहे, पेंढी वर जाते आणि खाली येते, आणि समोर उलट्या घमेल्यावर डगला घालून बसलेले मावसोबा दर झोडणीला एकेक वाक्य सांगताहेत, असा तो देखावा असे. किसनला वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की ते कायमचं. त्याच्या आईने एक-दोनदा मावसोबांना चहा-भाकरी आणून दिली, पण ते तिच्या नजरेपुढे नाटकाचं अवाक्षर काढत नसत. परीक्षकाला पेपर आधी दाखवायचा नसतो. माझी तालीम घरी, किसनची खळ्यावर. आम्हा दोघांना एकत्र मात्र त्यांनी मुद्दाम कधी आणलं नाही, वर्गातल्या पोरांनी पाहिलं तेवढं पुरे, आणखी गावाने दोघांना शेजारी पाहिलं तर मजा जाईल म्हणून. माझ्यासमोर ते किसन होत आणि किसनसमोर मी. स्वतः ते रंगमंचावर आयुष्यात कधी गेले नव्हते. "स्टेशनमास्तर गाडी चालवत नाही," म्हणायचे. पण मला खरं कारण ठाऊक होतं: चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की त्यांचे पाय लटपटत.

दत्तजयंतीला दोन वाजून नऊ मिनिटांनी मांडव गच्च भरला होता. कुसगावची, कुरवंड्याची मंडळी आली होती, आणि वडिवळ्याचं तर अर्धं गाव पॅसेंजरने उतरलं होतं. पहिल्या रांगेत मावसोबांनी किसनच्या आईसाठी वकीलसाहेबांच्या शेजारची खुर्ची राखून ठेवली होती. म्हातारीने ती खुर्ची हाताने चाचपून पाहिली, तिच्यावर आपलं गाठोडं ठेवलं आणि आपण खाली सतरंजीवर बसली. दोन दहाला शिट्टी झाली, पडदा वर गेला आणि काय सांगू महाराजा, नाटक जे धावलं ते घाट उतरणाऱ्या गाडीसारखं! मी आत गेलो, बाहेर आलो, गोळा मावसोबांच्या हातात. किसन आत गेला, बाहेर आला, गोळा पुन्हा माझ्याकडे. एकदाही चूक नाही. किसन "आवं बाई, मी तुमचा दादला न्हाई, मला सोडा!" म्हणाला तेव्हा मांडव असा हसला की देवळातली घंटा वाजल्यासारखी वाटली. वकीलसाहेबांनी शेजाऱ्याला मी तो किसन आणि किसन तो मी असं तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा ते चुकले. पडद्याआड मावसोबांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर असं तेज, की मला वाटलं, जमलं! या वेळी जमलं!

आणि मग आला शेवटचा प्रवेश. मी रंगमंचावर एकटा. भावाच्या दंडातून गळून पडलेला ताईत मी ओळखला आहे, आता तो आत येणार आणि आम्ही वीस वर्षांनी एकमेकांना भेटणार. मी हात पसरून म्हटलं, "ये रे माझ्या पाठच्या भावा, ये!" कोणी येईना. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा कोणी नाही. माझ्या डाव्या हाताला, पडद्याआड, किसन खांबासारखा उभा होता आणि मावसोबा त्याच्यापुढे हिरवा झेंडा नाचवत होते.

"जा ना, किसन!"

"गोळा कुटं हाय?"

"त्याच्या खिशात आहे! जा तू!"

"मंग न्हाई जायाचं."

"अरे, मी सांगतोय!"

"तुमीच म्हनला व्हता, खुद्द मास्तरनी सांगितलं तरी गोळ्याबिगर पाय टाकायचा न्हाई."

"पण आता मीच म्हणतोय ना, जा!"

"त्येच तर!" किसन म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या प्रवेशात दोघांना एकदम उभं राहायचं होतं आणि गोळा होता एकच! आम्ही दोघं कधी एकत्र तालीम केली असती तर हे आधीच ध्यानात आलं असतं. खळ्यावर त्या प्रवेशाला मावसोबा माझं काम करत आणि गोळा किसनकडे असे. घरी ते किसनचं करत आणि गोळा माझ्याकडे असे. इकडे मी चौथ्यांदा "ये रे भावा" म्हणतो आहे, आणि वडिवळ्याची एक आजी ओरडली, "आरं, भाव बोलवतोय न्हवं, यी की मुडद्या!" मला दुसरं काही सुचेना. मी खिशातून गोळा काढला आणि पडद्याआड किसनच्या हातात दिला. किसन झपकन आत आला. पण गोळा हातातून गेल्याबरोबर माझं काय झालं देव जाणे. सहा आठवड्यांची सवय, माझे पाय आपोआप वळले आणि मी दुसऱ्या बाजूने बाहेर! आता किसन एकटा उभा. "ह्यो कुटं गेला आता?" त्याने लोकांनाच विचारलं. लोक नुसते लोळत होते. किसनला माझी दया आली असावी. त्याने येऊन गोळा मला दिला, मी आत गेलो, आणि तो प्रामाणिकपणे बाहेर निघून गेला.

मी मावसोबांकडे पाहिलं. झेंडा खाली लोंबत होता. लोकांचं हसणं त्यांच्या कानावर आदळत होतं, पण ते हसणं नाटकाचं नव्हतं, फजितीचं होतं, आणि त्यांना तो फरक कळत होता. वीस वर्षं वाट पाहिलेली गाडी मुक्कामाच्या बाहेर अडकून उभी होती आणि ती अडकवली होती त्यांच्याच नियमाने. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. एवढ्यात त्यांनी टोपी सारखी केली, डगल्याची बटणं लावली आणि जन्मात कधी लोकांपुढे न गेलेला तो माणूस, रेल्वेच्या संपूर्ण गणवेशात, दाणदाण पावलं टाकत रंगमंचाच्या मध्यावर येऊन उभा राहिला. पाय लटपटत होते ते मला दिसलं. आवाज मात्र फलाटावरचा होता. "ही जागा कोणती माहीत आहे?" ते गरजले. "हे स्टेशन आहे! गाडी मुक्कामाला आली! गोळा जमा करा!"

मी खिशातून गोळा काढून त्यांच्या हातावर ठेवला. मांडव एकदम चिडीचूप झाला. मावसोबांनी गोळा छातीशी धरला, पडद्याकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाले, "ये किसन. स्टेशनात दोन्ही गाड्या उभ्या राहतात. आता भीती नाही." किसन आला. आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि खरं सांगतो, मी त्याच्या खांद्यावर हमसून रडलो. नाटकातलं किती आणि माझं किती, मला आजही सांगता यायचं नाही. लोकांना वाटलं हे सगळं असंच लिहिलेलं आहे. पुढे कितीतरी दिवस वकीलसाहेब मुंबईच्या पाहुण्यांना सांगत, "आमच्या गावच्या नाटकात तो स्टेशनमास्तरचा प्रवेश आहे ना, तसा तुमच्या कंपन्यांना लिहिता यायचा नाही!" आणि पडदा पडला तेव्हा मावसोबांच्या घड्याळात ठरलेल्या वेळेवर एक मिनिटही जास्त झालं नव्हतं. शेवटच्या प्रवेशासाठी त्यांनी पाच मिनिटं हातची राखून ठेवली होती.

पण मावसोबांची परीक्षा अजून बाकी होती. पडद्यामागे मी रंग पुसत उभा होतो, किसन चार हातांवर मुंडासं सोडत होता, आणि लोकांतून वाट काढत त्याची आई आली. ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने माझा चेहरा धरला. "किसना, माज्या वाघा! लय ग्वाड काम क्येलंस रं!" म्हणाली, आणि माझ्या गालांवरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी किसनकडे पाहिलं. तो मुंडाशात तोंड घालून उभा होता. मावसोबा घाईघाईने पुढे झाले. "कोण आहे हा, आई? नीट बघा." "कोन म्हंजे?" म्हातारी म्हणाली. "माजा किसन न्हवं का!" मावसोबा तिथेच कपड्यांच्या पेटीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मावशी पदराने त्यांचं तोंड पुसत होती आणि म्हणत होती, "झालं ना आता मनासारखं? चला, आज तरी वेळेवर जेवा."

आठ दिवसांनी मी किसनचं राहिलेलं मुंडासं द्यायला वडिवळ्याला गेलो. तो शेतावर होता. म्हातारीने मला अंगणात पाहिलं मात्र, म्हणाली, "या गुर्जी, बसा." मी दचकलो. तिने पाट मांडला, गरम भात वाढला आणि जवळ बसून विचारलं, "त्या दिशी मास्तरला बरं वाटलं न्हवं?"

"म्हणजे तुम्ही फसला नव्हता?"

"फसतीया कशाला? नऊ म्हयनं प्वाटात वागीवला त्यो." ती हसली. "पर किसना सांगत व्हता, मास्तरला येकच आस हाय, आय फसली पायजे. येवडा शिकल्याला मानूस, घमेल्यावर बसून माज्या अडाणी लेकाला शिकीवतोय. त्येला नाराज करू व्हय? म्हनलं, आपुन फसावं." मग माझ्या ताटात अजून भात घालत खाली मान घालून म्हणाली, "आन तुमाला आय न्हाई, म्हनला किसना. म्हनलं, बोटं मोडायचीच हायती, तर मंग हितंच मोडावी." त्या दिवशी मांडवात सगळ्यात चोख काम करून गेली ती सतरंजीवर बसलेली ही बाई, आणि तिच्या कामाला टाळी वाजवायचं कोणाला सुचलं नव्हतं, कारण ते काम आहे हेच कोणाला कळलं नव्हतं.

मावसोबांना मी हे कधीच सांगितलं नाही. तळेगावला गेल्यावर दूधवाल्याला, टपालवाल्याला, डॉक्टरला, भेटेल त्याला ते सांगायचे, "सख्खी आई फसली हो! पहिल्या रांगेतली!" मावशी आत चुलीपाशी गालातल्या गालात हसायची, मला वाटतं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. किसन दर वर्षी नवा तांदूळ घेऊन यायचा, मावसोबांच्या पायाशी बसायचा आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा. त्याची आई गेली त्या वर्षी मावसोबांनी उशाशी ठेवलेला पितळी गोळा दिवसभर हातातून खाली ठेवला नाही.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी शाळेला रजा टाकून तळेगावला जाऊन राहिलो. एका दुपारी, कुठलीशी गाडी शिट्टी देऊन गेली आणि त्यांनी डोळे उघडले. घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तिकीट नसलेला उतारू हजारांत ओळखणारे ते डोळे. म्हणाले, "खरं सांग. म्हातारी फसली होती ना रे?"

मी त्यांच्या नजरेला नजर दिली. "सख्खी आई फसली, मावसोबा. मी स्वतः तिथे होतो."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "काम बरं करतोस हल्ली," म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी उशाखाली हात घातला आणि गोळा बाहेर काढला.

"गाडी मुक्कामाला आली की काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"गोळा जमा करायचा," मी म्हणालो.

"मग हात पुढे कर," मावसोबा म्हणाले.